बुटक्यांच्या राज्यातली बिननावाची कामं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात 'काम आणि प्रतिष्ठा' या सत्रात केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या सत्रात मी अंगणवाडी ताईंवर किंवा घरकामगार बायकांवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. पण त्या विषयावर माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलतील अशा निम्म्या जणी इथे समोरच बसल्या आहेत. मी बोलणार आहे संगणकावरच्या खेळांबद्दल. काही जणी हसताहेत, हसू द्या. आपल्या पोरांना आपण "काय तो डबा घेऊन बसलायस" म्हणून ओरडतो, त्या डब्यात पोरं रोज एक अख्खा समाज चालवत असतात. त्यात राजा असतो, लोहार असतो, शेतकरी असतो, सैन्य असतं. कोणी कुठलं काम करायचं आणि कुठल्या कामाला किती मान, हे सगळं तिथे ठरलेलं असतं. आपण मात्र त्यातली मारामारी तेवढी बघतो आणि काळजी करतो.

मला या खेळांमध्ये रस वाटण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या समाजातली कामांची उतरंड जातीतून आली, पितृसत्तेतून आली, कारखानदारीतून आली, असं आपण अभ्यासवर्गात शिकतो आणि शिकवतो. पण इथे एक माणूस कोरा कागद घेऊन बसतो आणि नवीन जग रचतो. त्याच्यावर मनूचा दाब नाही, भाऊबंदांचा नाही, बाजाराचाही फारसा नाही. त्याला वाटलं तर तो झाडलोटीला राजाच्या वर बसवू शकतो. अशी मोकळीक मिळाल्यावर तो काय करतो, हे पाहण्यासारखं आहे.

समाजशास्त्रात व्यवसायांच्या प्रतिष्ठेचा अभ्यास जुना आहे. १९४७ साली अमेरिकेत लोकांना नव्वद व्यवसायांना गुण द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश पहिला आला, बूटपॉलिशवाला शेवटचा. पुढे डोनाल्ड ट्रायमन या अभ्यासकाने साठेक देशांमधली अशी माहिती एकत्र केली आणि १९७७ च्या पुस्तकात दाखवलं की ही क्रमवारी देशोदेशी बरीच सारखी आहे. एम.एस.डब्ल्यू.ला असताना हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या पाहण्यांमध्ये लोकांना मत विचारावं लागतं. खेळात विचारायची गरज नाही, कारण मत नियमाच्या रूपाने लिहूनच ठेवलेलं असतं.

आधी एक सोपा खेळ घेऊ. 'एज ऑफ एम्पायर्स' हे नाव तुमच्यापैकी काहींनी मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. १९९७ साली त्याचा पहिला भाग आला, तेव्हा त्यातले गावकरी, म्हणजे लाकूड तोडणारे, शेत कसणारे, खाणीत खणणारे, सगळे पुरुष होते. १९९९ च्या दुसऱ्या भागात गावकरी बायकाही आल्या. त्या पुरुषांइतकंच लाकूड तोडतात, इतकंच सोनं खणतात, घरं बांधतात. कामात भेद शून्य. सैन्यात मात्र पुरुषच. जोन ऑफ आर्कसारखी वीरांगना येते ती खास मोहिमेपुरती.

पण ही गावकरी बाई किंवा हा गावकरी पुरुष येतो कुठून? गावाच्या मुख्य इमारतीवर बटण दाबायचं, अन्नाचे पन्नास एकक मोजायचे, पंचवीस सेकंद थांबायचं. दारातून धडधाकट मोठं माणूस बाहेर पडतं आणि कुऱ्हाड घेऊन चालू लागतं. बाळंतपण नाही, दूध पाजणं नाही, आजारपण नाही, म्हातारपण नाही. आणि आणखी गंमत म्हणजे या राज्यात कुणी जेवत नाही. अन्न साठवलं जातं ते नवीन माणसं आणि सैनिक तयार करायला. त्यामुळे चूल नाही, भांडी नाहीत, आणि ती घासायला कोणी लागतही नाही. शिवाय एक बटण असं आहे की ते दाबलं की रिकामा बसलेला गावकरी शोधून समोर आणतं. आपल्या आयुष्यात असं बटण सासूबाईंकडे असायचं!

म्हणजे ज्याला आपण पुनरुत्पादनाचं काम म्हणतो, माणूस जन्माला घालून, वाढवून, रोज खाऊपिऊ घालून दुसऱ्या दिवशीच्या कामाला उभं करणं, ते सगळं पन्नास एकक अन्नात आणि पंचवीस सेकंदांत मिटवलेलं आहे. हा खेळ लढाईचा आहे, त्यात एवढं कशाला पाहायचं, असं कोणी म्हणेल. मान्य. म्हणून मी दुसरा खेळ घेते. त्याच्या कर्त्यांनी काही मिटवलेलं नाही, उलट सगळं मोजायचा ध्यास घेतला आहे.

या खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो रचला. २००६ मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आला आणि अनेक वर्षं फुकट मिळत होता. चित्रं नव्हती, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो आपल्या संग्रहासाठी निवडला. २०२२ च्या डिसेंबरात चित्रांची, विकत घ्यायची आवृत्ती आली. जुनी फुकटची अजून मिळते, आणि आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत कोणीतरी देऊन टाकलेल्या संगणकावर तीच चालते.

खेळ असा. सात बुटके एक गाडा घेऊन डोंगरापाशी येतात, डोंगर पोखरतात, वसाहत करतात. मग आणखी बुटके स्थलांतर करून येतात. प्रत्येकाला नाव, नातीगोती, आवडीनिवडी, दुःखं. कुणाचं बोट तुटलं तर कुठलं तुटलं हेही खेळाला माहीत असतं. आणि यात बाई-पुरुष असा कामाचा भेद कुठेच नाही. बाई खाणीत उतरते, लोहारकाम करते, सैन्याची प्रमुख होते, गावाची महापौर होते, राणी होते, तिला कोणी अडवत नाही. ज्या दारांसाठी आपण मोर्चे काढले ती सगळी दारं इथे पहिल्यापासून सताड उघडी आहेत.

फक्त एका ठिकाणी शरीर आडवं येतं. मूल झालं की ते एक वर्षाचं होईपर्यंत आई त्याला घेऊन फिरते. रजा नाही. ती खाण खणत असेल तर मूल खाणीत, भट्टीवर असेल तर भट्टीवर. सैन्यात असेल तर मूल लढाईत, आणि तिथे त्याला वार लागतो, ते मरतंही. मूल हातून सुटलं तर आई हातातलं काम टाकून त्याला शोधायला जाते, आणि पडद्यावर सूचना येते की अमकीने काम रद्द केलं, कारण ती बाळ शोधते आहे. बाप कधीच बाळ घेत नाही. बांधकामाच्या साइटवर साडीची झोळी बांधून विटा वाहणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या आहेत, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही. खेळणाऱ्यांमध्ये मात्र हा विनोदाचा विषय आहे, की बुटकी बाई बाळाची ढाल करून लढते.

आता प्रतिष्ठेकडे येते. या खेळात माणसाची ओळख त्याच्या कौशल्यावरून ठरते. ज्या कामात हात सर्वांत तरबेज, ते काम त्याच्या नावापुढे लागतं. खाणकाम करणारी खाणकरी, विणणारी विणकरी. काम करत गेलं की कौशल्य चढतं, अगदी शिकाऊपासून दंतकथा व्हावी अशा पदवीपर्यंत. कौशल्यांची यादी फार लांब आहे. धातू वितळवण्याचं आहे, माशांची साफसफाई करण्याचं आहे, मधमाश्या पाळण्याचं आहे. लढाईत चावण्याचं वेगळं कौशल्य आहे! खोटं बोलण्याचं आहे, खुशामत करण्याचं आहे. दुसऱ्याचं सांत्वन करण्याचंही आहे, हे कर्त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग नाही कशाचं? ओझी वाहण्याचं नाही. झाडलोट आणि पुसण्याचं नाही. जखमी माणसाला उचलून दवाखान्यात आणण्याचं नाही. अंथरुणाला खिळलेल्याला भरवण्याचं आणि पाणी पाजण्याचं नाही. ही कामं खेळात आहेत, ती केल्याशिवाय किल्ला आठवडाभर चालत नाही, पण जन्मभर केली तरी कौशल्याचा एक दाणा जमा होत नाही. अशा बुटक्याच्या नावापुढे शेवटपर्यंत 'पेझंट' एवढंच राहतं, म्हणजे नुसती रयत.

दवाखान्यात हे फार स्पष्ट दिसतं. २०१० च्या आवृत्तीपासून या खेळात दवाखाना आहे. रोगनिदान करणारा, शस्त्रक्रिया करणारा, टाके घालणारा, हाडं बसवणारा, मलमपट्टी करणारा, प्रत्येकाला वेगळं कौशल्य आणि वेगळं नाव. वर एक मुख्य वैद्य. आणि रुग्णाला पाण्याची बादली आणून पाजणारा? तो कोणीही, जो रिकामा सापडेल तो. पण त्याने पाणी आणलं नाही तर उत्तम टाके घातलेला रुग्ण अंथरुणात तहानेने मरतो. खेळ इतका प्रामाणिक आहे की तो हा मृत्यू दाखवतो. ज्याच्यामुळे मृत्यू टळतो त्याची नोंद मात्र ठेवत नाही.

अभ्यासिकेत नववी-दहावीच्या मुली हा खेळ खेळत होत्या आणि मी शेजारी बसून त्यांना इंग्रजी सूचना समजावत होते. एकीने विचारलं, "ताई, ह्या भरवणारीला काय म्हणायचं?" मी म्हटलं, खेळात तिला नाव नाही. ती म्हणाली, "माझ्या आईला तरी मावशी म्हणतात." तिची आई एका मोठ्या दवाखान्यात कंत्राटावर वॉर्डात आहे. बारा वर्षं झाली, कंत्राटदार चार बदलले, दरवेळी नव्याने भरती, म्हणजे कागदावर ती दरवेळी पहिल्या दिवशीची. मुलगी हे काही तक्रार म्हणून सांगत नव्हती, खेळाचा नियम समजावून घेत होती.

या खेळात कुठल्याही बुटक्याच्या व्यवसायाचं नाव खेळणाऱ्याला हाताने बदलता येतं. मुलींनी ते शोधून काढलं आणि रोमन अक्षरांत त्या भरवणारीपुढे 'मावशी' लिहिलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरीने कौशल्याचा तक्ता उघडून बघितला. तो होता तसाच रिकामा. २०२२ च्या आवृत्तीत कामवाटपाच्या याद्यांमध्ये हमालांचा आणि दवाखान्यातल्या ऑर्डर्लींचा असे गट तयार करून दिले आहेत. पण ती वाटपाची सोय आहे. कौशल्य तिथेही नाही.

हे संगणकाला मोजता येत नाही म्हणून घडलं असं समजू नका. 'द सिम्स' नावाचा घरसंसाराचा खेळ आहे, त्याच्या २००४ च्या दुसऱ्या भागात एकूण सात कौशल्यं होती, आणि स्वयंपाक आणि साफसफाई ही त्यातली दोन. मोजायचं म्हटलं तर मोजता येतं. चावणं मोजणाऱ्याला भरवणं अवघड जाण्याचं कारण नव्हतं.

एवढ्यावर मी खेळ रचणाऱ्यांना बोल लावून थांबले असते. पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बुटक्यांच्या मनात हमालाबद्दल तुच्छता नाही. किल्ल्यात कोणी कोणाला "तू काय ओझी वाहणारा" म्हणत नाही, त्याच्या हातचं पाणी नाकारत नाही. तुच्छता येते ती खेळणाऱ्यांकडून. स्थलांतरितांचा जथा आला की खेळणारे यादी तपासतात, आणि त्यात चीज करणारा, साबण करणारा, मासे साफ करणारा दिसला की कपाळाला हात लावतात. ही माणसं निरुपयोगी, यांना हमालीला लावा नाहीतर भाला देऊन पुढे पाठवा, असा सल्ला जुने खेळाडू नव्यांना हसत हसत देतात. यातला साबणवाला तर मला फारच बोलका वाटतो. दवाखाना आल्यापासून जखम धुवायला साबण लागतो. साबण नसेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. ज्याला भाला देऊन पुढे पाठवला तोच मागच्यांचे जीव वाचवणारा होता. तरी थट्टा थांबलेली नाही. उपयोग किती आणि मान किती यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही, हे आपल्याला धोब्याच्या, सफाई कामगाराच्या उदाहरणावरून माहीत आहे. बुटक्यांना जात नाही, पण खेळणारा आपल्या डोक्यातली उतरंड सोबत घेऊनच बसतो.

खेळाडूंचा दुसरा सल्लाही ऐका. तुमचा लोहार चांगला तयार झाला की पहिल्यांदा त्याला हमालीतून मोकळं करा. म्हणजे मोठं होण्याची खूण कोणती, तर ओझी उचलावी न लागणं. आपल्या घरात मुलगा दहावीला गेला की त्याला पाणी भरायला सांगत नाहीत. बहीणही दहावीला असली तरी ती भरते.

कारागिरांच्या वर सरदार-उमराव आहेत. त्यांना मोठी झोपायची खोली हवी, जेवणाचं दालन हवं, कचेरी हवी, मेल्यावर थडगंही आपल्या इतमामाचं हवं. ते अमुक वस्तू बनवा, तमुक वस्तू बाहेर विकू नका, असे हुकूम काढतात. हुकूम पुरा झाला नाही तर शिक्षा खालच्याला. आणि एक बारकावा असा, की आपल्यापेक्षा खालच्या दर्जाच्या बुटक्याची खोली आपल्यापेक्षा भारी दिसली तर उमरावाचं मन बिघडतं, आणि त्याच्या विचारांत तशी नोंद होते. गावात एखाद्या दलित कुटुंबाने स्लॅबचं घर बांधल्यावर कोणाकोणाची मनं बिघडली हे इथल्या बऱ्याच जणींनी पाहिलं आहे. कर्त्यांनी ही उमरावांची खिल्ली उडवली आहे असं मला वाटतं, आणि ती चांगली जमली आहे. सत्तेची उतरंड त्यांना दिसली, त्यांनी ती हास्यास्पद करून दाखवली. कामाची उतरंड मात्र त्यांना दिसलीच नसावी. म्हणून ती तशीच आत आली.

आता आपल्याकडे बघू. १९९१ च्या जनगणनेत "गेल्या वर्षी काही काम केलं का?" या प्रश्नात "शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून" अशी भर घालावी लागली, तेव्हा कुठे शेतात राबणारी बाई कामकरी म्हणून मोजली जाण्याची शक्यता निर्माण झाली. चूल, पाणी, मूल त्यातही बाहेरच. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा ओळी असतात. झाडणारी, वाहणारी, भरवणारी बहुधा पहिल्या ओळीत. वीस वर्षांनी बघा, त्याच ओळीत. बुटक्यांच्या किल्ल्यातला रिकामा तक्ता आणि आपला हा तक्ता एकाच हाताने आखल्यासारखे वाटतात.

आणि नाव दिल्याने काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १९७५ पासून अंगणवाडी आहे. 'सेविका' हे नाव चांगलं आहे, पण त्या नावाच्या आडून तिला वेतनाऐवजी मानधन मिळत राहिलं. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीच्या हक्कदार आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०२२ चा एप्रिल उजाडला.

इथे आपल्या चळवळीत एक जुना मतभेद आहे आणि तो मी झाकणार नाही. एक बाजू म्हणते, भरवणं, पुसणं, सांभाळणं ही कौशल्याचीच कामं आहेत, त्यांना कुशल म्हणून नोंदवून घ्या, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्या. आजारी माणसाला ठसका न लागता भरवणं किती अवघड आहे हे ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे, त्यामुळे ही बाजू खोटी नाही. पण मला तिची थोडी भीती वाटते. प्रमाणपत्र आलं की ते नसलेली बाई आणखी खाली जाते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था निघतात, त्यांची फी असते, आणि बारा वर्षं वॉर्डात काढलेली मावशी परीक्षेत नापास होते. दुसरी वाट १९६९ च्या माथाडी कायद्याची आहे. हमालाला त्या कायद्याने "तू कुशल आहेस का?" असं विचारलं नाही. नोंदणी केली, मंडळ नेमलं, भविष्यनिर्वाह निधी लावला. ओझं उचललं म्हणजे काम झालं, आणि काम झालं म्हणजे हक्क आला. त्या कायद्याची आज काय अवस्था आहे हा वेगळा विषय, आणि त्याचा लाभ बायकांपर्यंत किती पोचला हा त्याहून वेगळा. पण मला स्वतःला ही वाट जवळची वाटते. अभ्यासिकेतल्या त्या मुलींनाही मी विचारलं होतं की तुम्हाला खेळ बदलता आला तर काय कराल. दोघी म्हणाल्या, भरवण्याचं कौशल्य घालू. तिसरी, मावशीची मुलगी, म्हणाली की सगळ्यांनाच पाळीपाळीने पाणी आणायला लावू, वैद्यालापण आणि राणीलापण.

दुपारच्या गटचर्चेला मी हेच तीन पर्याय ठेवते आहे. प्रत्येक गटात एक तरी घरकामगार किंवा वॉर्डात काम करणारी बाई असेल असं बघा, आणि पहिल्यांदा तिला बोलू द्या. जेवणानंतर भांडी कोणी घासायची त्याची यादी स्वयंपाकघराच्या दारावर लावली आहे, तीही जाता जाता बघून घ्या. त्यात व्याख्यात्यांची नावं नव्हती, ती मी सकाळी घातली आहेत.